अकीक आणि फटकी

मेहबूबभाईंची जीभ घसरली ती सुरतेत, मुलीच्या मंगनीच्या जेवणात, आणि अशी घसरली की थेट नंदुरबारपर्यंत घरंगळत आली.

झालं होतं ते तसं साधंच. होणारे व्याही मुजाहिदभाई यांनी बिर्याणीचं ताट पुढे सरकवलं आणि हात मागे घ्यायला जरा जास्तच वेळ लावला. बोटात चांदीची अंगठी होती आणि अंगठीत बोराएवढा लालभडक अकीक. मुजाहिदभाई मूळचे शहाद्याचे. सुरतेत त्यांचं अंगठ्यांचं आणि तसब्यांचं, म्हणजे जपमाळांचं, दुकान होतं. अर्धं आयुष्य तिकडे काढूनही घरात बोलणं अहिराणीच, फक्त त्याला आता दुकानदारीचा रुबाब चढला होता.

"खंबातना शे," ते म्हणाले. "असा लाल दगड दुसरा कोठेच भेटत नही."

दगडाचं मेहबूबभाईंना काही वाटलं नाही. त्यांना लागला तो 'लाल' हा शब्द. मेहबूबभाई नंदुरबारच्या एका मिरची पथारीवर मुकादम होते. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोठं मोकळं मैदान, आणि त्या मैदानावर लाल कशाला म्हणायचं हे ठरवायचा अधिकार त्यांचा. मूठभर मिरची उचलायची, सावलीत न्यायची, डोळे बारीक करायचे आणि एकच शब्द बोलायचा. तो शब्द एकतर 'लाल' असायचा, नाहीतर 'फटकी'. फटकी म्हणजे रंग उडालेली, पांढुरकी, कुणी विचारत नाही अशी मिरची. त्यांच्या या एका शब्दावर व्यापारी ट्रक भरत किंवा रिकामे पाठवत. अशा माणसाला कुणी ताटावर बसवून लालीबद्दल शिकवायचं, हे त्यांच्या पचनी पडेना.

"मुजाहिदभाई, असा दगड आमनाकडे तलावना काठवर पायखाले येस," ते बोलून गेले. "जावाईनी अंगठी मीच देसू. आमनी मातीमाधला अकीक. तुमनापेक्षा लाल."

मुजाहिदभाईंनी अंगठीचा हात हळूच मागे घेतला. "मंग ठीक शे," ते म्हणाले. "निकाहना आधी आम्ही येतस नंदुरबारले. दखाडा आमले तो तलाव."

खरी गोष्ट अशी होती की रनाळ्याच्या पलीकडचा तो तलाव मेहबूबभाईंनी एकदाच पाहिला होता, तोही चालत्या रिक्षातून. काठावर काहीतरी लाल चमकलं होतं, एवढीच त्यांची साक्ष.

परतीच्या गाडीत त्यांच्या बायकोने, मदिनाने, नवापूर येईपर्यंत तोंड उघडलं नाही. नवापूर गेल्यावर उघडलं.

"पोरले तठे जनमभर ऱ्हावानं शे," ती म्हणाली. "तुमना दगड भेटना नही, ते तिले रोज आयकनं पडी. 'तुन्हा बाप देवाव व्हता ना अकीक? कोठे शे?' भाजीमा मीठ कमी पडनं तरी अकीक निंघी. दूध उतू गयं तरी अकीक निंघी."

"भेटी ना," मेहबूबभाई म्हणाले.

आफशीन खिडकीशी बसली होती. तिला मुजाहिदभाईंचा जावेद आवडला होता, त्याच्या आईचा स्वभावही आवडला होता. तिने बापाकडे वळून फक्त विचारलं, "अब्बा, तुम्ही खरंच दखेल शे का तो दगड?"

"दखेल शे," मेहबूबभाई म्हणाले आणि उरलेला प्रवास त्यांनी डोळे मिटून काढला. झोप मात्र लागली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मेहबूबभाईंनी शेजारच्या रूपसिंगची रिक्षा काढायला लावली. रूपसिंगला तलाव, दगड, व्याही यांतलं काही कळलं नव्हतं, पण रविवारी घरात बसलं की बायको पंखे पुसायला लावते हे कळत होतं, म्हणून तो लगेच निघाला.

तलावाचं पाणी उतरलं होतं आणि काळ्या खडकांचा रुंद काठ उघडा पडला होता. मेहबूबभाई त्या काठावर पाय ठेवून उभे राहिले आणि गोंधळले. त्यांना वाटलं होतं, दगड म्हणजे काळा. इथे तर दगडांचा बाजारच भरला होता. काही खडकांना भोकं पडलेली आणि भोकांच्या आत पांढऱ्या सुयांचे झुबके. कुठे हिरवट थर, कुठे कांद्यासारखे पापुद्रे दाखवणारे पट्टे. मधाच्या रंगाचे, मुरमुऱ्याच्या रंगाचे, धुरकट, गुळगुळीत गोटे तर पावलोपावली होते. दुसरा कुणी असता तर हरखून गेला असता. मेहबूबभाई मात्र जणू पथारीवर आले होते.

रूपसिंगने एक दगड फोडून पुढे केला. आत बारीक स्फटिकांचा चकचकीत थर होता. "मेहबूबभाई, हाऊ दखा. मझार साखर भरेल शे."

मेहबूबभाईंनी डोळे बारीक केले. "फटकी."

"आनि हाऊ हिरवा?"

"फटकी."

"हाऊ मधना रंगना?"

"रूपसिंग, माले लाल दाखाड. बाकी बठ्ठी फटकी."

पण त्यांच्या धंद्याचा एक नियम होता आणि तो ते मोडणार नव्हते. उन्हात कधी निवड करायची नाही. उन्हात लाली खोटी दिसते. म्हणून ज्या दगडाला जरा म्हणून रंग होता तो सगळा बारदानात भरून घरी आणायचा आणि ओट्यावर, सकाळच्या सावलीत, नीट निवडायचा. पुढचे कितीतरी रविवार असेच गेले. लाल दगड सुपात पडत. मधाळ, पिवळट, मळकट असे फटकी गोटे ओट्यावरून मागे अंगणात, आंघोळीच्या पाण्याच्या चुलीकडे भिरकावले जात. त्या चुलीपाशी जायला मदिनाला पाय उचलून टाकावे लागत, आणि मदिनाचे गुडघे आधीच दुखत होते.

पथारीवर देठ खुडायला येणारी फुलीबाई दुपारी प्यायचं पाणी न्यायला त्यांच्याच घरी येई. ती अक्राणीच्या डोंगरातली, हंगामापुरती खाली आलेली. मदिनाला भिंत धरून चालताना पाहून ती म्हणाली, "बाई, दगड राखमा पुरी ठेव रातभर. सकाळ फडकामा बांध, गुडघावर ठेव. आमनी आय असंच करस."

मदिनाने पहिल्यांदा साधा काळा दगड पुरला. तो फटाक्यासारखा तडकला आणि राख उडून दोरीवरच्या धुण्यावर बसली. फुलीबाई म्हणाली, हा नको, गुळगुळीत घे. गुळगुळीत गोटे अंगणात हवे तेवढे पडले होते. मग रोज रात्री पाणी तापवून झालं की मदिना पाच-सात गोटे गरम राखेत पुरायची आणि सकाळी काढून फडक्यात बांधायची. गुडघ्यांना खरंच बरं वाटू लागलं. नवऱ्याच्या खुळाचा घरात काहीतरी उपयोग झाला म्हणून तिला आतून हसूही येई, पण ते तिने दाखवलं नाही.

इकडे सुपातले दगड वाढत गेले. मेहबूबभाई ते धूत, शेंगदाण्याचं तेल लावून पुसत आणि पथारीवर जाताना खिशात एक तरी ठेवत. बाजारात बातमी पसरली. "मेहबूबभाईले अकीक सापडना." हमाल, व्यापारी, चहावाला, जो तो येऊन सूप बघून जाई. कुणी म्हणे, खंबातचा यापुढे काहीच नाही. मेहबूबभाई मान खाली घालून ऐकत, पण मान फार खाली जात नसे.

शेवटी एक चांगला मोठा, गडद लाल दगड निवडून ते सुकलाल सोनाराकडे गेले. "याले घास आनि चांदीमा बसाड. जावाईनी अंगठी शे."

सुकलालने दगड फिरत्या चाकाला लावला. लाल धूळ उडाली. सुकलालने चाक थांबवलं, दगड पाहिला, पुन्हा लावला. पुन्हा धूळ उडाली आणि यावेळी दगड निम्मा झाला. सुकलालच्या पांढऱ्या मिश्या लाल झाल्या. त्याने उरलेला तुकडा जिभेला लावला. तुकडा जिभेला चिकटला.

"मेहबूबभाई," तो तुकडा सोडवत म्हणाला, "हाई ईट शे."

"कसानी ईट?"

"भट्टानी. पानीमा घसाई घसाई गोल व्हयेल शे. पन पक्की भाजेल शे हां. आते असी ईट भेटत नही."

हे सांत्वन ऐकून मेहबूबभाई दुकानाबाहेर आले तेव्हा रूपसिंग रिक्षात बसून दाढी खाजवत होता. त्याला सगळं सांगितल्यावर तो अजिबात चकित झाला नाही.

"तलावनी पाळ बांधी ना, तव्हय तठे इटासना भट्टा व्हता," तो म्हणाला. "मन्हा बाप तठेच इटा वाहे."

"मंग माले सांगं का नही?"

"तुम्ही इचारं का? तुम्ही सांगं लाल, मी म्हनं लाल. बजारमा तुमना शब्द कोन मोडस?"

घरी येऊन मेहबूबभाईंनी सूप माळ्यावर ढकललं आणि मदिनाला सोनाराकडे गर्दी होती असं सांगितलं. आयुष्यभर ज्या डोळ्यांवर भाकरी खाल्ली त्या डोळ्यांनी विटा निवडल्या, आणि त्याही तेल लावून, याची त्यांना इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही. आणि त्याच संध्याकाळी सुरतेहून फोन आला. परवा सकाळच्या गाडीने मुजाहिदभाई आणि त्यांची बायको कहकशाँ येत होते. दगड पाहायला.

चहा देताना आफशीन बापापाशी रेंगाळली. "अब्बा, भेटना ना?"

"भेटी," मेहबूबभाई म्हणाले. भेटला आणि भेटेल यांतला फरक आफशीनला कळला. ती कप घेऊन आत गेली, आणि तिचं तसं जाणं मेहबूबभाईंना मदिनाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

व्याही आले. चहा झाला, नाश्ता झाला, दुपारचं जेवण झालं, जेवणानंतरचा चहा झाला. मेहबूबभाईंनी मिरचीचे भाव, रेल्वेचं वेळापत्रक आणि शहाद्याच्या सगळ्या जुन्या ओळखी काढून पाहिल्या. शेवटी मुजाहिदभाईंनी अंगठी बोटातल्या बोटात फिरवत विचारलं, "मंग? दगड कोठे शे?"

"घरमा काय दखाडू," मेहबूबभाई म्हणाले. "चला, तुम्ही सोता तलाववर उचला. मंग खात्री व्हई." तलावावर गेल्यावर काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण तलाव दूर होता आणि वाटेत काहीही होऊ शकलं असतं. दुर्दैवाने रूपसिंगची रिक्षा त्या दिवशी पहिल्यांदाच कुठेही न अडता सरळ पोहोचली.

बायका घरीच थांबल्या होत्या. काठावर उतरल्याबरोबर मुजाहिदभाईंनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते खडकांवर चालू लागले. त्यांनीही पांढऱ्या सुया लाथेने उडवल्या, पट्ट्यांच्या दगडावर पाय देऊन ते पुढे गेले, मधाळ गोट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग एकदम वाकले. उठले तेव्हा हातात लाल, गोल, ओला तुकडा होता.

"या अल्ला," ते म्हणाले. "मेहबूबभाई, हाऊ काय शे?"

मेहबूबभाईंना तो तुकडा काय आहे हे दुरूनच दिसत होतं. रूपसिंगला खोकला आला आणि तो रिक्षाच्या मागे गेला.

मुजाहिदभाईंनी आणखी एक उचलला, मग आणखी. रुमाल पसरून त्यात ते तुकडे ठेवू लागले. दुकानात जन्म गेला तरी त्यांनी अकीक पाहिला होता तो घासून, चकाकी आणून, डबीत कापसावर ठेवलेला. कच्चा दगड त्यांच्या हाताला कधी लागलाच नव्हता. थोड्या वेळाने ते जड रुमाल घेऊन मेहबूबभाईंजवळ आले आणि त्यांनी त्यांना चक्क मिठी मारली.

"माफ करा भाई. माले वाटनं तुम्ही जेवताना असंच फेकी ऱ्हायनात. तुमना शब्द खरा निंघना."

मेहबूबभाई सुटले होते. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम त्यांना त्या क्षणी फार गोड वाटलं. पोरीची मान ताठ राहणार होती, व्याही खूश होते, तलाव साक्षीला होता.

"आते मी हाई उद्याच खंबातले धाडस," मुजाहिदभाई रुमालाला गाठ मारत म्हणाले. "तठला कारागीर घासी दी. निकाहना दिन बठ्ठासमोर जावेदना बोटमा."

मेहबूबभाईंच्या डोळ्यांपुढे ते चाक फिरायला लागलं. लाल धूळ उडाली, कारागीर हसला, खंबातची बातमी सुरतेला आली आणि आफशीन सासरच्या स्वयंपाकघरात मान खाली घालून उभी राहिली. आता आयुष्यभर नुसता अकीक निघणार नव्हता, वीट निघणार होती.

"मुजाहिदभाई," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "ती ईट शे."

"काय शे?"

"ईट. आठे पहिले भट्टा व्हता. मीबी इतला दिन हाईच उचली ऱ्हायंतू. सोनारनी जीभले चिकटनी तव्हय समजनं. मी खोटं बोलनू. मन्ही पोरनी काही चूक नही, ती चांगली शे, तिले काही बोलजात नका."

मुजाहिदभाईंनी एक तुकडा काढून काळ्या खडकावर ओढला. पाटीवर खडू ओढावा तशी लाल रेघ उमटली. मेहबूबभाई खोटं बोलले याचा त्यांना राग आलाच असेल. पण जन्मभर अकीक विकून आपणही विटाच उचलल्या आणि त्या व्याह्यासमोर उचलल्या, हा राग त्याहून मोठा होता.

"आनि तुम्ही माले रुमाल भरू दिधा," ते एवढंच म्हणाले.

परत येताना ते मागच्या सीटवर बसले नाहीत. पुढे रूपसिंगला खेटून, अर्धे बाहेर लोंबकळत बसले. मागे मेहबूबभाई एकटे. रूपसिंगने वातावरण हलकं करायला, त्या भट्ट्याच्या विटांची कितीतरी घरं अजून उभी आहेत अशी माहिती दिली.

घरी पोहोचताच मुजाहिदभाई अंगणातूनच म्हणाले, "कहकशाँ, ऊठ. गाडीना टाईम व्हयना."

कहकशाँ उठली नाही. ती आणि मदिना ओट्यावर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. दोघींच्या गुडघ्यांवर फडक्याची गाठोडी होती आणि दोघींच्या चेहऱ्यांवर कमालीचं समाधान होतं. पुरुष तलावावर गेल्यावर दोघींचं बोलणं साहजिकच गुडघ्यांवर आलं होतं, आणि मदिनाने विहीणबाईंसाठी आणखी गोटे राखेतून काढले होते.

"माले आते उठता येवाव नही," कहकशाँ म्हणाली. "इतला वरीसमा आज पहिलांदाव मन्हा गुडघा मन्हं आयकी ऱ्हायना."

"कहकशाँ, मी सांगस ना, ऊठ."

"तुम्ही जा. मी गुडघा घी येसू मांगथून."

दारात आफशीन उभी होती. तिला बापाचा चेहरा दिसला, सासऱ्याचा चेहरा दिसला आणि तिला सगळं कळलं. मुजाहिदभाई रागाने ओट्यावर चढले आणि बायकोच्या गुडघ्यावरचं गाठोडं त्यांनी ओढलं. गाठ सुटली. दगड ओट्यावर घरंगळले, तीन-चार पायरीवरून खाली आले आणि दुपारच्या उन्हात थांबले.

मुजाहिदभाई जागच्या जागी थबकले. मग ते खाली वाकले, एक दगड उचलला, हात भाजला म्हणून या हातातून त्या हातात टाकला, पण सोडला नाही. तो त्यांनी उन्हासमोर धरला. ऊन दगडातून आरपार आलं आणि त्यांच्या तळहातावर लाल ठिपका पडला. त्यांनी शेजारी आपली अंगठी धरली. अंगठीतला अकीक फिका दिसत होता.

"हाऊ कोठला?" ते म्हणाले.

"फटकीमाधला," मदिना म्हणाली. "ह्यासनी फेकेल व्हता."

मेहबूबभाईंनी पुढे होऊन दगड घेतला. "मी हाऊ फेकेल नही. मी फेकेल तो मुरमुराना रंगना व्हता."

"व्हताच ना मुरमुराना. रोज राखमा घालं, रोज जरासा लाल व्हयना. आठ दिनमा पिवळाना तांबडा, म्हयनाभरमा असा."

"मंग तू माले सांगं का नही?"

मदिनाने गाठोडं गुडघ्यावर नीट बसवलं. "घरमा लाल कसाले म्हनानं ते तुम्ही ठरावतस. मी कसाले मझार बोलू?"

मुजाहिदभाई पायरीवर बसले. खंबातला दगड भट्टीत घालून पिकवतात असं त्यांनी दुकानात ऐकलं होतं, पण ते त्यांना कारागिरांचं भाव वाढवायचं बोलणं वाटत आलं होतं. म्हणजे तलावाच्या काठावर मघाशी ते अकीकच्याच गोट्यांवर पाय देऊन विटेकडे गेले होते. त्यांनी मेहबूबभाईंकडे पाहिलं. मेहबूबभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दोघांनाही एकाच वेळी तो तलावाचा काठ आठवला असावा, कारण दोघांच्याही माना एकदमच वळल्या.

"दखा तरी," मुजाहिदभाई हळू आवाजात म्हणाले. "लाल शे का?"

मेहबूबभाईंनी दगड सावलीत नेला आणि डोळे बारीक केले. पण या खेपेला त्यांना नीट दिसेना, कारण डोळे भरून आले होते. त्यांनी दगड आफशीनच्या हातात दिला. "तू सांग, बेटा."

"लाल शे, अब्बा," आफशीन म्हणाली.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. अंगठीसाठी सगळ्यात चांगला दगड कहकशाँच्या गाठोड्यात होता आणि ती तो देईना. मुलाची अंगठी एकीकडे, पण हा दगड डाव्या गुडघ्याच्या वाटीत बरोबर बसतो, असं तिचं म्हणणं होतं. शेवटी मदिनाने आपल्या गाठोड्यातले दोन दगड देऊन तो सोडवून घेतला. त्या संध्याकाळची गाडी गेली, दुसऱ्या दिवसाचीही गेली. व्याही गेले तेव्हा त्यांच्याबरोबर फटकी गोट्यांचं एक बारदान गेलं, आणि ते स्टेशनावर गाडीत चढवताना मुजाहिदभाईंनी हमालाला हात लावू दिला नाही.

निकाह नंदुरबारलाच झाला. मांडवात सुरतेचे पाहुणे, पथारीवरचे व्यापारी, हमाल, फुलीबाई आणि तिच्या सोबतिणी, सगळे होते. मुजाहिदभाईंनी मुद्दाम खंबातहून एका म्हाताऱ्या अकीकवाल्याला बोलावलं होतं. दगड घासून आणल्यापासून तो त्यांनी कुणा जाणकाराला दाखवला नव्हता. त्यांना तो भर मांडवात दाखवायचा होता.

जावेदच्या बोटातली अंगठी म्हाताऱ्याने उतरवून घेतली. चष्मा कपाळावर सरकवला, दगड डोळ्याला लावला, दिव्यासमोर धरला, पुन्हा डोळ्याला लावला. बायकांच्या बाजूच्या पडद्याला फट पडली आणि फटीत मेंदीचे हात दिसले.

"पकाया किसने है?" म्हाताऱ्याने विचारलं. "इतनी धीमी आँच आजकल कोई नहीं देता। रोज थोड़ी, रोज थोड़ी। इतना सब्र किस कारीगर में है?"

सगळा मांडव मेहबूबभाईंकडे वळला. अशा वेळी त्यांची जीभ आजवर घसरल्याशिवाय कधी राहिली नव्हती. पडद्यामागे मदिनाने कपाळाला हात लावला. मेहबूबभाई उठून उभे राहिले, अंगरखा सारखा केला, आणि मांडवाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"मन्ही बायकोना गुडघाकरता पकेल शे."

म्हाताऱ्याने चष्मा खाली घेतला. व्यापारी एकमेकांकडे पाहू लागले. सुरतेच्या पाहुण्यांत कुणीतरी हसू दाबलं, आणि ते हसू पसरणार एवढ्यात मुजाहिदभाई ताडकन उठले. कहकशाँच्या गुडघ्याने त्या दगडाकडे सगळी मिळून एक दुपार ऊब मागितली होती, पण मुजाहिदभाईंच्या छातीत तेवढ्याचाही अभिमान मावत नव्हता.

"आनि मन्ही बायकोनाबी," ते म्हणाले.

पडद्यामागून पहिलं हसू आलं ते नवरीचं होतं.